ब्रोकरची सुट्टीची पाटी कशी वाचावी: इंग्लंडात पहिलं घर घेणाऱ्या नवख्यांसाठी

नोव्हेंबर संपता संपता मॉर्गेज ब्रोकरकडून, म्हणजे घराचं कर्ज मिळवून देणाऱ्या सल्लागाराकडून, एक ईमेल येतो. वर बर्फाचं चित्र, शुभेच्छा, मग दोन ओळी: ऑफिस २४ डिसेंबरला दुपारी बारा वाजता बंद होईल आणि ४ जानेवारीला सकाळी नऊ वाजता उघडेल. त्याखाली ‘या महिन्याच्या बातम्या’ म्हणून चार परिच्छेद, व्याजदर कुठे चाललेत वगैरे. आपण शुभेच्छा वाचतो, मनातल्या मनात ‘सेम टू यू’ म्हणतो आणि ईमेल बाजूला सारतो.

आमच्या पहिल्या घराच्या वेळी मीही सारला होता. त्या वर्षी कंपनीने डिसेंबरचा पगार महिनाअखेरीऐवजी १९ तारखेलाच केला. कर्ज देणाऱ्या बँकेने २२ तारखेला ब्रोकरमार्फत नवी पगारस्लिप मागितली, आणि तो पगार जमा झाल्याचं दिसणारं बँक स्टेटमेंटही. मी २३ च्या रात्री स्लिप अपलोड केली, स्टेटमेंट राहून गेलं. २४ ला दुपारी ब्रोकरच्या ऑफिसला कुलूप. ‘आम्ही सुट्टीवर आहोत’ हे आपोआप येणारं उत्तर मला त्या दिवसांत चार वेळा आलं, कारण मी चार वेळा विचारलं. फाइल हलली ती जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात. एका पानासाठी. घर हातचं गेलं नाही, पण विकणाऱ्या बाईंच्या एजंटने त्या काळात ज्या सुरात फोन केले तो सूर अजून कानात आहे.

तेव्हापासून नव्याने आलेल्या कुणीही घराचं काढलं की मी आधी कॅलेंडर काढायला सांगते. कारण अडचण एकट्या ब्रोकरच्या सुट्टीची नसते. त्याच्यामागे कर्ज देणारी बँक, तुमचा सॉलिसिटर (खरेदीचे कायदेशीर कागद बघणारा वकील), विकणाऱ्याचा सॉलिसिटर, काउन्सिल (तिथली नगरपालिका) आणि मोठ्या रकमा पाठवणारी यंत्रणा अशी पाच दारं असतात, आणि प्रत्येक दार आपापल्या वेळेला बंद होतं. आपली फाइल सगळ्यांत आधी बंद होणाऱ्या आणि सगळ्यांत उशिरा उघडणाऱ्या दारांच्या मधे अडकते.

आधी ब्रोकर म्हणजे कोण ते समजून घ्या

भारतात होम लोनसाठी बँकेचा माणूस घरी येऊन सह्या घेऊन जातो. त्याला आपण एजंट म्हणतो आणि त्याच्या सल्ल्यावर फारसे विसंबत नाही. इथला ब्रोकर त्या जातीचा नव्हे. घराच्या कर्जाबद्दल सल्ला देणाऱ्याला आर्थिक कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या फायनान्शियल कंडक्ट ऑथॉरिटीची, म्हणजे एफसीएची परवानगी लागते आणि दिलेल्या सल्ल्याची जबाबदारी त्याच्यावर असते. एफसीएच्या रजिस्टरवर त्याचं किंवा त्याच्या फर्मचं नाव शोधा, मिळालेला नंबर ताडून बघा. दोन मिनिटांचं काम आहे. काही छोट्या फर्म एखाद्या मोठ्या नेटवर्कच्या छत्राखाली काम करतात, तेही रजिस्टरवर दिसतं आणि त्यात वावगं काही नाही.

पहिल्या भेटीत विचारायचे प्रश्न सगळ्यांना ठाऊक असतात. बाजारातल्या सगळ्या बँकांकडे बघता की ठरावीक यादीतून निवडता? फी माझ्याकडून घेता, बँकेकडून कमिशन घेता की दोन्ही? फी असेल तर केव्हा द्यायची, अर्ज करताना की ऑफर आल्यावर? यांची उत्तरं तो लेखी देतोच.

एक प्रश्न मात्र सहसा कुणी विचारत नाही: ‘तुम्ही सुट्टीवर असताना माझी फाइल कोण बघतं?’ एकट्याने काम करणारा ब्रोकर अतिशय चांगला असू शकतो, पण तो ऑगस्टमध्ये दोन आठवडे स्पेनला गेला की त्याचं ऑफिसही स्पेनला जातं. चार-पाच जणांच्या फर्ममध्ये निदान फाइल सांभाळणारी एखादी व्यक्ती मागे असते. मी स्वतः दुसऱ्या वेळी याच उत्तरावर ब्रोकर निवडला आणि पस्तावले नाही.

व्हिसावर असलेल्यांनी ब्रोकर घ्यावाच, असं माझं मत आहे. कायम राहण्याची परवानगी नसलेल्यांसाठी प्रत्येक बँकेचा नियम निराळा. कुणाला देशात राहून अमुक इतका काळ झालेला हवा, कुणाला व्हिसाची मुदत अमुक इतकी शिल्लक हवी, कुणी डिपॉझिट, म्हणजे आपण पदरची भरायची रक्कम, जास्त मागतं. आपण स्वतः शोधत बसलो तर एखाद्या बँकेच्या नकारानंतर शहाणे होतो, आणि तोवर क्रेडिट रिपोर्टवर चौकशीची एक खूण उमटलेली असते.

कॅलेंडर समोर घ्या

इंग्लंड आणि वेल्समध्ये वर्षाला एरवी ८ बँक हॉलिडे असतात: १ जानेवारी, गुड फ्रायडे, ईस्टर मंडे, मे महिन्याचा पहिला आणि शेवटचा सोमवार, ऑगस्टचा शेवटचा सोमवार, २५ आणि २६ डिसेंबर. यातला एखादा शनिवार-रविवारी आला की बदली सुट्टी पुढच्या कामाच्या दिवशी मिळते. नवख्यांची गफलत होते ती या बदली सुट्टीपाशी.

२०२६ चा ख्रिसमस घ्या. २५ डिसेंबर शुक्रवारी आहे. २६ शनिवारी, म्हणून त्याची बदली सुट्टी सोमवारी, २८ ला. म्हणजे गुरुवार २४ नंतर बँकांचा पहिला कामाचा दिवस मंगळवार २९. मग २९, ३०, ३१ असे तीन दिवस, आणि १ जानेवारीचा शुक्रवार पुन्हा सुट्टीचा. थेट सोमवार, ४ जानेवारी २०२७. २५ डिसेंबर ते ३ जानेवारी या दहा दिवसांत कामाचे तीन, आणि त्या तिघांतही निम्मी माणसं रजेवर. हे तीन दिवस हिशेबात धरायचेच नाहीत, हा माझा नियम.

घर स्कॉटलंडमध्ये असेल तर तिथे २ जानेवारीलाही सुट्टी असते. २०२७ मध्ये ती शनिवारी येते म्हणून सोमवारी, ४ तारखेला ढकलली जाते. उलट तिथे ईस्टर मंडे बँक हॉलिडेच्या यादीत नाही आणि ऑगस्टची सुट्टी महिन्याच्या सुरुवातीला असते. उत्तर आयर्लंडमध्ये १७ मार्च आणि १२ जुलै जास्तीचे. ब्रोकर लंडनमध्ये, घर ग्लासगोत आणि बँकेचं काम बघणारी शाखा बेलफास्टला असं त्रांगडं असलं तर तिन्ही याद्या शेजारी ठेवा. खरेदीची कायदेशीर पद्धतही स्कॉटलंडमध्ये वेगळी आहे. इथे पुढे जे लिहिते आहे ते इंग्लंडपुरतं धरा.

आता पैशांची यंत्रणा. आपण रोज ॲपवरून जे पैसे पाठवतो ते ‘फास्टर पेमेंट्स’ने जातात, आणि ती सोय दिवसरात्र, सुट्टीच्या दिवशीही चालू असते. घराच्या मोठ्या रकमा मात्र बहुधा ‘चॅप्स’ने जातात. चॅप्स सोमवार ते शुक्रवारच चालतं आणि इंग्लंडच्या बँक हॉलिडेला बंद. म्हणून शनिवारी घराच्या चाव्या सहसा मिळत नाहीत. एजंटचं ऑफिस शनिवारी उघडं दिसतं त्यावर जाऊ नका, ते घरं दाखवण्यापुरतं उघडं असतं.

मागून पुढे मोजा

इंग्लंडात दोन तारखा महत्त्वाच्या. एक्स्चेंज, ज्या दिवशी करार दोघांवरही बंधनकारक होतो आणि साधारण १० टक्के रक्कम भरली जाते. आणि कम्प्लीशन, ज्या दिवशी उरलेले पैसे जातात आणि चाव्या हातात येतात. एक्स्चेंज होईपर्यंत कुणीही मागे फिरू शकतं, हे भारतातून आलेल्यांना पटायला वेळ लागतो. टोकन दिलं, शब्द दिला असं इथे काही नसतं.

समजा तुम्हाला २०२६ मध्ये नाताळाआधी, शुक्रवार १८ डिसेंबरला चाव्या हव्यात. बऱ्याच बँका सॉलिसिटरने कागद पाठवल्यापासून पैसे सोडायला पाच कामाचे दिवस मागतात, म्हणजे तो कागद ११ तारखेला गेलेला हवा. एक्स्चेंज त्याच्याही आधी. त्याच्या आधी काउन्सिलकडून येणारे घर आणि जागेबद्दलचे शोध अहवाल, विकणाऱ्याची उत्तरं, आणि मुळात मॉर्गेजची ऑफर हातात. किंमत ठरल्यापासून चाव्यांपर्यंत तीन-चार महिने जाणं अगदी नेहमीचं. तेव्हा ऑक्टोबरच्या मध्यात घर बघताना एजंट जर छातीठोकपणे ‘ख्रिसमसला तुम्ही नव्या घरात’ म्हणाला, तर हसून मान डोलवा आणि सध्याच्या भाड्याच्या घराची नोटीस देऊ नका.

डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्याच्या मागे लागण्यात मला अर्थच वाटत नाही. शुक्रवारी १८ ला चाव्या मिळाल्या, शनिवारी लक्षात आलं की बॉयलर बंद आहे. मग काय? दुरुस्तीवाला जानेवारीत. शिवाय आणखी एक बारीक गोष्ट आहे. स्टॅम्प ड्युटीचं विवरणपत्र कम्प्लीशनपासून १४ दिवसांत भरायचं असतं आणि ते दिवस सुट्ट्या धरूनच मोजतात. १८ ला कम्प्लीशन म्हणजे मुदत १ जानेवारीला. सॉलिसिटरचं ऑफिस २३ लाच बंद होणार असेल तर त्याने ते आधीच तयार ठेवलंय का, एवढं विचारून घ्या. चांगला सॉलिसिटर त्याच दिवशी भरून टाकतो.

स्टॅम्प ड्युटीचा विषय निघालाच आहे तर हेही सांगून टाकते, कारण यात आपल्या लोकांची फसगत होते. पहिल्यांदा घर घेणाऱ्यांना १ एप्रिल २०२५ पासून ३ लाख पौंडांपर्यंत ड्युटी नाही, तिथून ५ लाखांपर्यंत ५ टक्के, आणि घर ५ लाखांच्या वर गेलं की ही सवलतच नाही. पण ‘पहिल्यांदा’ म्हणजे जगात कुठेही पहिल्यांदा. पुण्यातला फ्लॅट तुमच्या नावावर असेल, किंवा वडिलांच्या पश्चात घरात तुमचा वाटा लागला असेल, तर तुम्ही या व्याख्येत बसत नाही. साडेतीन लाखांच्या घरावर सवलत असेल तर २,५०० पौंड, नसेल तर ७,५०० पौंड. आणि भारतातल्या घरातल्या तुमच्या वाट्याची किंमत ४०,००० पौंड किंवा जास्त असेल तर दुसऱ्या घरावरचा ५ टक्के अधिभारही लागू शकतो, म्हणजे आणखी १७,५०० पौंड. हे ब्रोकरला आणि सॉलिसिटरला पहिल्याच भेटीत सांगायचं. ते आपण होऊन विचारतील अशी वाट बघायची नाही.

कागद: डिसेंबरचे आणि एरवीचे

नेहमीची यादी अशी: पासपोर्ट, ई-व्हिसाचा शेअर कोड, शेवटच्या तीन महिन्यांच्या पगारस्लिपा, तीन महिन्यांची बँक स्टेटमेंट्स, पी-६० (वर्षभराचा पगार आणि कापलेला कर दाखवणारा कंपनीचा कागद), पत्त्याचा पुरावा, गेल्या तीन वर्षांतले सगळे पत्ते तारखांसकट, आणि डिपॉझिट कुठून आलं त्याचा माग. पत्त्यांच्या बाबतीत भारतातला पत्ताही धरायचा, पिनकोडसकट.

डिसेंबरचं दुखणं पगारापासून सुरू होतं. पुष्कळ कंपन्या या महिन्यात पगार लवकर करतात. स्लिपवरची तारीख आणि स्टेटमेंटवर जमा झाल्याची तारीख जुळते का ते बघा, आणि दोन्ही एकाच वेळी पाठवा. स्टेटमेंट म्हणजे बँकेच्या ॲपमधून काढलेली पीडीएफ, ज्यावर नाव, खातं क्रमांक आणि सर्व पानं आहेत. फोनच्या स्क्रीनचा फोटो चालत नाही. पाच पानांपैकी चौथं पान कोरं आहे म्हणून वगळलं तर अंडररायटर, म्हणजे बँकेत बसून फाइल तपासणारा माणूस, तेच पान मागतो. हसू नका, असं झालेलं आहे.

दुसरं, खर्च. नाताळाच्या खरेदीत क्रेडिट कार्ड भरून टाकणं, ‘आत्ता घ्या, नंतर भरा’ वर टीव्ही उचलणं, नवी गाडी हप्त्यावर घेणं, हे सगळं अर्ज केल्यानंतरही बँकेला दिसू शकतं. ऑफर आली म्हणजे सुटलो असं समजू नका. चाव्या हातात येईपर्यंत नवं कर्ज नको, नोकरीत बदल नको, आणि बदल झालाच तर ब्रोकरला त्याच दिवशी सांगा.

सुरुवातीला बँक जो तत्त्वतः होकार देते, ज्याला इथे एआयपी म्हणतात, त्याची मुदतही कॅलेंडरवर टाका. ती बँकेगणिक वेगळी असते. नोव्हेंबरात काढलेला होकार जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात शिळा होऊन पडलेला असू शकतो आणि नेमका तेव्हाच घरांचा बाजार पुन्हा जागा होतो.

भारतातून पैसे येणार असतील तर दोन कॅलेंडरं

डिपॉझिटमध्ये आई-बाबांचा हात असणं आपल्याकडे काही नवं नाही. इथे त्याला ‘गिफ्टेड डिपॉझिट’ म्हणतात आणि बँक त्यांच्या सहीचं पत्र मागते: ही भेट आहे, परत घ्यायची नाही, घरावर आमचा हक्क राहणार नाही. सोबत त्यांचं ओळखपत्र आणि त्यांच्या खात्याचं स्टेटमेंट. बाबांना हे मागताना जरा जपून सांगा. ‘माझ्याच मुलाला दिलेल्या पैशाचा हिशेब त्या गोऱ्याला कशाला?’ हा प्रश्न मी तीन घरांतून ऐकला आहे.

रिझर्व्ह बँकेच्या योजनेखाली भारतात राहणारी व्यक्ती एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम बाहेर पाठवू शकते. वर्ष एप्रिल ते मार्च, हे लक्षात असू द्या. तुमच्या स्वतःच्या एनआरओ खात्यातले (परदेशात राहणाऱ्याच्या भारतातल्या रुपयांच्या खात्यातले) पैसे आणायचे असतील तर वर्षाला १० लाख डॉलरची मर्यादा आहे आणि त्याला सीएचं प्रमाणपत्र लागतं. सीएला मार्चअखेरीस हात लावायचा नाही, एवढं सांगायची गरज नसावी.

आता सुट्ट्या. दिवाळीत तिकडच्या बँका बंद, इकडे साधा कामाचा मंगळवार. दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी तिकडे बंद. इकडे सोमवारी बँक हॉलिडे. गुरुवारी दुपारी कोथरूडच्या शाखेतून निघालेली रक्कम इथे मंगळवारपर्यंत न दिसणं यात घाबरण्यासारखं काही नसतं, पण बुधवारी एक्स्चेंज असेल तर रात्रीची झोप जाते. त्यात वेळेचा फरक. हिवाळ्यात भारत साडेपाच तास पुढे. तुमचा सॉलिसिटर साडेनऊला ऑफिसात येऊन ‘अमुक कागद हवा’ म्हणेपर्यंत तिकडे दुपारचे तीन वाजलेले असतात आणि बाबा जेवून आडवे झालेले असतात. म्हणून पैसे एक्स्चेंजच्या निदान तीन आठवडे आधी तुमच्या इथल्या खात्यात येऊन बसलेले हवेत. रुपया थोडा वधारेल म्हणून शेवटच्या आठवड्यापर्यंत थांबणारे असतात. थांबू नये.

ईमेलचा खालचा भाग: बातम्या

सुट्टीच्या वेळांखाली दरांच्या बातम्या असतात. त्या वाचाव्यात, पण चष्मा पुसून.

बँक ऑफ इंग्लंडची समिती वर्षातून आठ वेळा दर ठरवते आणि निर्णय सहसा गुरुवारी दुपारी बारा वाजता जाहीर होतो. १९ मार्च २०२० ला हा दर ०.१ टक्क्यावर आला होता. १६ डिसेंबर २०२१ ला, नाताळाच्या तोंडावर, तो वाढायला लागला आणि लागोपाठ चौदा वाढींनंतर ऑगस्ट २०२३ मध्ये ५.२५ टक्क्यांवर पोचला. पहिली कपात ऑगस्ट २०२४ मध्ये झाली. ट्रॅकर मॉर्गेज, म्हणजे या दरामागे चालणारं कर्ज, असेल तर या निर्णयाचा हप्त्यावर थेट परिणाम होतो. फिक्स्ड, म्हणजे ठरावीक वर्षांसाठी बांधलेला दर, मात्र बँक ऑफ इंग्लंडच्या आजच्या दराकडे कमी आणि बाजाराच्या पुढच्या अंदाजाकडे जास्त बघून ठरतो. म्हणून ‘दर कमी झाला’ अशी बातमी आली त्या दिवशी फिक्स्ड सहसा जागचा हलत नाही, कारण तो बहुधा आधीच खाली आलेला असतो.

बाजार किती झटकन बिथरतो ते २०२२ मध्ये दिसलं. २३ सप्टेंबरच्या शुक्रवारी सरकारने छोटेखानी अर्थसंकल्प मांडला आणि पुढच्या काही दिवसांत बँकांनी शेकडो मॉर्गेज योजना मागे घेतल्या. ज्यांचे अर्ज आत गेले होते त्यांचे दर बहुतांशी टिकले. ज्यांनी ‘सोमवारी बघू’ म्हटलं त्यांना सोमवार महागात पडला. सुट्टीआधी ब्रोकर ‘अर्ज आजच टाकू या’ म्हणाला तर तो दर वेळी घाई करतोय असं समजू नका. दर राखून ठेवता येतो, आणि पुढे खाली आला तर बदलून मागता येतो का, हे त्यालाच विचारा. पुष्कळदा येतो.

बातमीत छापलेला सगळ्यांत स्वस्त दर सहसा तुमच्यासाठी नसतो. तो घराच्या किमतीच्या ६० टक्केच कर्ज घेणाऱ्यांचा असतो. तुमचं डिपॉझिट १० टक्के असेल तर तुमचा दर दुसऱ्या रकान्यात. आणि फी विसरू नका. समजा एक दर ४.२० टक्के आणि फी ९९९ पौंड, दुसरा ४.४५ टक्के आणि फी शून्य, दोन्ही दोन वर्षांसाठी. कर्ज दीड लाख पौंड असेल तर पाव टक्क्याचा फरक वर्षाला ३७५ पौंड, दोन वर्षांत ७५०. म्हणजे महागडा दिसणारा दरच स्वस्त. कर्ज तीन लाख असेल तर फरक १,५०० पौंड, आणि तेव्हा फी भरलेली परवडली. हा हिशेब पाकिटाच्या पाठीवर होतो. तो न करता नुसता दर बघून निवडणारे इंजिनिअर मी पाहिले आहेत.

फिक्स्डची मुदत ३१ डिसेंबरला संपत असेल तर

हे नव्याने घर घेणाऱ्यांना दोन-पाच वर्षांनी लागेल, पण योजना निवडतानाच शेवटची तारीख बघून ठेवा. बऱ्याच फिक्स्ड योजनांची मुदत एखाद्या महिन्याच्या अखेरीला संपते आणि मग कर्ज बँकेच्या चालू दरावर, एसव्हीआरवर जातं. तो बहुधा बराच चढा असतो.

त्याच बँकेत नवी योजना घेतली तर पैसे कुठे हलत नाहीत आणि बदल १ जानेवारीपासून आपसूक लागू होतो, सुट्टी असो नसो. सहा महिने आधी दर पक्का करून ठेवण्याची सोय २०२३ च्या मॉर्गेज चार्टरपासून (सरकार आणि बँकांमधला समझोता) बहुतेक मोठ्या बँकांत आहे. दुसऱ्या बँकेत जायचं असेल तर मात्र पैसे हलावे लागतात, म्हणजे कामाचा दिवस हवा. मुदत ३१ डिसेंबर २०२६ ला संपत असेल तर पहिला असा दिवस ४ जानेवारी. तीन दिवस एसव्हीआर बसणार म्हणून ‘३० लाच उरकू या’ असं मनात येतं. थांबा. दोन लाख कर्ज आणि दरात ३ टक्के फरक धरला तरी तीन दिवसांचे होतात सुमारे ५० पौंड. मुदतीआधी कर्ज फेडल्याचा दंड १ टक्का असेल तर तो २,००० पौंड. पन्नास वाचवायला दोन हजार घालवू नयेत.

सुट्टीच्या आदल्या दिवशी येणारा ईमेल

घराच्या व्यवहारातले चोर लांब सुट्टीच्या आदल्या दुपारची वाट बघतात. तुमच्या सॉलिसिटरच्या नावाने ईमेल येतो, भाषा तीच, फाइल क्रमांक तोच: ‘ऑडिट चालू असल्याने आमचं बँक खातं बदललं आहे, पैसे या नव्या खात्यात पाठवा, आम्ही एक वाजता बंद करतोय.’ तुम्ही पाठवता. मंगळवारी ऑफिस उघडतं तेव्हा सॉलिसिटर विचारतो, पैसे कुठे?

खातं क्रमांक पहिल्या भेटीत कागदावर घ्या. बदलाचा ईमेल आला तर त्यातल्या नंबरवर फोन न करता कागदावरच्या नंबरवर करा. आधी एक पौंड पाठवा, पोचल्याचं फोनवर ऐका, मग बाकीचे. पाठवताना बँकेचं ॲप खात्यावरचं नाव जुळत नाही म्हणालं तर तिथेच थांबा. ऑक्टोबर २०२४ पासून अशा फसवणुकीत बँकांना ८५,००० पौंडांपर्यंत भरपाई करावी लागते, पण डिपॉझिट त्याहून मोठं असू शकतं, आणि भरपाई येईपर्यंत घर थांबत नाही.

दार बंद असताना

ब्रोकर बंद म्हणजे सगळं ठप्प असं नाही. हप्ता भरण्यात अडचण असेल तर थेट कर्ज देणाऱ्या बँकेच्या नंबरवर करा, त्यांच्या वेळा वेगळ्या असतात. एक्स्चेंज झालेलं असेल तर घराचा विमा त्या दिवसापासून चालू हवा, त्याची पॉलिसी फोनमध्ये ठेवा. पाइप फुटायला बँक हॉलिडेच आवडतो.

डिसेंबरच्या १०-१२ तारखेच्या सुमारास ब्रोकरला एक छोटा ईमेल टाका. त्यात तीनच गोष्टी विचारा: माझ्या बाजूने काय राहिलंय, बँकेच्या बाजूने काय राहिलंय, आणि तुम्ही नसताना बँकेने काही मागितलं तर ते मला कसं कळेल. उत्तर आलं नाही तर फोन. सॉलिसिटरलाही तसाच वेगळा, कारण ते दोघं आपापसात बोलत असतील हा आपला गोड गैरसमज असतो.

आणि जानेवारीत ऑफिस उघडेल त्या सकाळी नऊला फोन करू नका. त्या दिवशी त्यांच्यापुढे दहा दिवसांचे ईमेल आणि तुमच्यासारखेच अधीर झालेले वीस जण असतात. दुसऱ्या दिवशी, साडेदहाच्या सुमाराला, फाइल क्रमांक हाताशी घेऊन करा.